डिस्क्रीट मॅथ्सला नेमकं कोणतं पुस्तक लावू?

पत्र: मी एका तालुक्याच्या गावातल्या इंजिनिअरिंग कॉलेजात यंदाच रुजू झाले. कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला डिस्क्रीट मॅथ्स शिकवायचं आहे. अभ्यासक्रमात सहा युनिटं आहेत: सेट आणि लॉजिक, रिलेशन आणि फंक्शन, काउंटिंग, ग्राफ, ट्री (त्यातच कट-सेट आणि फ्लो), आणि शेवटी ग्रुप, रिंग, कोडिंग. खाली संदर्भ म्हणून अर्धा डझन पुस्तकांची नावं दिली आहेत. मी सगळ्यांच्या अनुक्रमणिका समोर ठेवून तक्ता केला, पण कोणतंच पुस्तक पूर्ण बसत नाही. वर्गात रोझेनचं पुस्तक नेलं तर त्याची जाडी बघून मुलं हसली. त्यांच्या हातात युनिटवार गाइड असतं. एचओडी सर म्हणतात, ‘निकाल बघा, गाइडच लावा.’ बरीच मुलं डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेली आहेत आणि इंग्रजी वाचायला कचरतात. लायब्ररीसाठी एकाच पुस्तकाच्या वीसेक प्रती घेता येतील एवढे पैसे मंजूर झालेत. कोणतं घेऊ? आणि जुनी आवृत्ती चालेल का?
– तिसऱ्या सेमिस्टरची शिक्षिका

प्रिय मॅडम,

वीस प्रती सुसाना एप यांच्या ‘डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स विथ ॲप्लिकेशन्स’च्या घ्या. शेवटच्या युनिटासाठी सी. एल. लिऊच्या दोन-तीन प्रती लायब्ररीत बहुधा असतीलच, त्या शोधून वर काढा. रोझेन तुमच्या टेबलावर राहू द्या. गाइड मुलांकडे आहे, ते काढून घ्यायच्या भानगडीत पडू नका.

माझं उत्तर एवढंच आहे, पण एचओडी सर ‘का?’ विचारणार. तेव्हा कारणं सविस्तर लिहितो.

आधी तुमच्या तक्त्याबद्दल. अनुक्रमणिकेची पत्रिका जुळवून पुस्तक ठरवायचं, तर छत्तीसच्या जवळपास गुण लिऊचेच भरतील. त्याच्या ‘एलिमेंट्स ऑफ डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स’मध्ये ‘ट्री आणि कट-सेट’ हे प्रकरण त्याच नावानं आहे, ट्रान्सपोर्ट नेटवर्क आहेत, ‘ग्रुप आणि रिंग’ही आहे. आपल्याकडच्या अनेक अभ्यासक्रमांवर या पुस्तकाची छाप आहे, त्यामुळे ते जुळतं यात नवल नाही. पण या जुळण्यावरून पुस्तकात काय आहे एवढंच कळतं. तुमच्या वर्गातल्या मुलाला ते घरी एकट्यानं वाचता येईल का, हे कळत नाही. आणि वीस प्रती घ्यायच्या त्या एकट्यानं वाचायलाच ना? वर्गात शिकवायला तुम्ही आहातच.

तेव्हा युनिटं मोजू नका, मुलं अडखळतात ती जागा बघा. या विषयात ती जागा जवळजवळ नेहमी पहिल्याच युनिटात असते. ग्राफमध्ये मुलं फारशी अडत नाहीत. क्रुस्कल, प्रिम, डाइक्स्ट्रा, हफमन या सगळ्या पायऱ्या-पायऱ्यांनी करायच्या गोष्टी आहेत, चार उदाहरणं सोडवली की हात बसतो. अडतात ती लॉजिक आणि सिद्धतेपाशी. गंमत म्हणजे आपल्याला हे येतं असं त्यांना वाटत असतं. महाराष्ट्र बोर्डाच्या बारावीच्या गणितात ‘मॅथेमॅटिकल लॉजिक’ हे पहिलंच प्रकरण आहे. ट्रुथ टेबल, टॉटॉलॉजी, स्विचिंग सर्किट तिथे होऊन जातात. म्हणून बारावी करून आलेला मुलगा पहिल्या आठवड्यात मागे रेलून बसतो. डिप्लोमावाला दहावीनंतर वेगळ्या वाटेनं आलेला, त्यानं हे प्रकरण पाहिलेलंच नसतं. त्यात थेट दुसऱ्या वर्षाचे प्रवेश बरेचदा उशिरा होतात. तो वर्गात येईपर्यंत लॉजिक शिकवून झालेलं असतं. म्हणजे ज्या मुलाला हे प्रकरण सगळ्यात जास्त लागणार, त्यालाच ते पुस्तकातून आपलं आपण वाचावं लागतं. माझ्या मते तुमची निवड या एका गोष्टीवर ठरायला हवी.

ट्रुथ टेबल येणं म्हणजे लॉजिक येणं नव्हे. वर्गात एक वाक्य लिहा: ‘सगळी मुलं पास झाली नाहीत.’ मग विचारा, एकही पास झालं नाही, की काही झाली आणि काही राहिली? बोलताना प्रसंगावरून आपल्याला अर्थ कळतो, त्यामुळे वाक्यात गोंधळ आहे हे जाणवत नाही. पुढे ही दोन विधानं लिहा: ‘प्रत्येक पूर्णांकापेक्षा मोठा एखादा पूर्णांक असतो’ आणि ‘एक असा पूर्णांक आहे, जो प्रत्येक पूर्णांकापेक्षा मोठा आहे.’ पहिलं खरं, दुसरं खोटं. फरक फक्त ‘प्रत्येक’ आणि ‘एखादा’ यांच्या क्रमात. पहिल्या विधानाचा नकार लिहायला सांगा आणि वर्गात किती वह्या कोऱ्या राहतात ते पाहा.

हे इतकं महत्त्वाचं का? तिसऱ्या वर्षाला थिअरी ऑफ कॉम्प्युटेशनमध्ये पंपिंग लेमा येतो. प्रत्येक रेग्युलर भाषेसाठी (म्हणजे एका साध्या यंत्राला ओळखता येणाऱ्या स्ट्रिंगांच्या, अक्षरमालांच्या, संचासाठी) एक लांबी अशी असते, की तिच्याएवढ्या किंवा तिच्याहून मोठ्या भाषेतल्या प्रत्येक स्ट्रिंगचे काहीतरी तीन तुकडे असे पाडता येतात, की मधला, रिकामा नसलेला तुकडा कितीही वेळा लिहिला तरी स्ट्रिंग भाषेतच राहते. ‘प्रत्येक, एक, प्रत्येक, काहीतरी, कितीही’ अशी साखळी आहे ही. भाषा रेग्युलर नाही हे दाखवायचं तर या साखळीचा नकार घ्यावा लागतो. तिसऱ्या वर्षाची मुलं पंपिंग लेमा पाठ करतात आणि लांबी स्वतःच निवडून मोकळी होतात, ती प्रतिस्पर्ध्यानं निवडायची असते हे त्यांच्या लक्षात येत नाही. ही चूक थिअरीची नाही, तुमच्या विषयाच्या पहिल्या युनिटातली आहे. अल्गोरिदमच्या तासाला लूप इन्व्हेरियंट येतं, ते तर उघडउघड इंडक्शन (एका पायरीवरून पुढच्या पायरीवर जाणारी सिद्धता) आहे. एचओडी सरांना निकालाचीच भाषा कळत असेल तर त्यांना तिसऱ्या वर्षाचा निकाल दाखवा.

आता पुस्तकं. कोणतंही पुस्तक हातात घेतलं की मी तीन जागा उघडतो: एकात एक क्वांटिफायर (‘प्रत्येक’, ‘एखादा’ यांसारखे शब्द), इंडक्शन, आणि काउंटिंगमध्ये पुनरावृत्तीला मुभा असलेली निवड. बाकी पानं चाळतसुद्धा नाही म्हटलं तरी चालेल.

एप या तिन्ही जागी चांगलं उतरतं. एपबाई शिकागोच्या डीपॉल विद्यापीठात शिकवत. मुलं तर्कात कुठे घसरतात हाच त्यांच्या आस्थेचा विषय, आणि १९९० साली पहिल्यांदा निघालेलं हे पुस्तक त्यातूनच आलेलं आहे. पुस्तकाचा क्रम बघा: आधी विधानं, मग क्वांटिफायर, मग सम-विषम आणि भाज्यता अशा साध्या संख्यांवर सिद्धता कशी लिहायची ते, मग इंडक्शन, आणि त्यानंतर सेट. सेटचा धडा इतक्या उशिरा येतो हे तुमच्या तक्त्यात ‘जुळत नाही’ म्हणून नोंदलं गेलं असणार. पण हा क्रम मुद्दाम ठेवलेला आहे. सम अधिक सम म्हणजे सम, हे मुलाला आधीपासून माहीत असतं. त्यामुळे त्याचं सगळं लक्ष सिद्धता कशी लिहितात याकडे जातं. सेटवर सिद्धता शिकवायला गेलं की वस्तू नवी, चिन्हं नवी आणि पद्धतही नवी. एवढं एकदम झेपत नाही.

त्यांची आणखी एक सवय मला फार आवडते. सिद्धता लिहिण्याआधी त्या विधान नीट मांडून घेतात, मग ‘सुरुवात कुठून’ आणि ‘दाखवायचं काय’ हे वेगवेगळं लिहितात. आपल्या मुलांनी नववी-दहावीच्या भूमितीत अगदी हेच केलंय: पक्ष, साध्य, सिद्धता. डिप्लोमावाल्यांनीसुद्धा केलंय. अकरावी-बारावीत ती शिस्त सुटते आणि सिद्धता म्हणजे खाली-खाली लिहीत गेलेली समीकरणं, अशी समजूत होते. पहिल्याच तासाला त्यांना ती भूमितीची वही आठवायला सांगा. एप वाचायला निम्मी मदत तिथेच होईल.

इंडक्शनचं पान उघडल्यावर काय बघायचं? पहिल्या काही नैसर्गिक संख्यांची बेरीज, वर्गांची बेरीज ही उदाहरणं प्रत्येक पुस्तकात असतात, अकरावीतही झालेली असतात. त्यातून मुलं एक यंत्र शिकतात: एकसाठी तपासा, पुढचं पद दोन्हीकडे मिळवा, बीजगणित करा, संपलं. त्यांना इंडक्शन कळलंय की नाही, हे बेरजेचं सूत्र नसलेल्या उदाहरणातच दिसतं. एक घर काढून टाकलेला बुद्धिबळासारखा चौरस पट, बाजू दोनच्या घाताएवढी, तो तीन घरांच्या एल आकाराच्या फरशांनी पूर्ण भरता येतो, हे उदाहरण घ्या. इथे समीकरणच नाही. पटाचे चार तुकडे करायचे आणि मध्यावर एक फरशी अशी ठेवायची की उरलेल्या तिन्ही तुकड्यांतलं एकेक घर झाकलं जाईल, हे सुचावं लागतं. किंवा चार आणि पाच रुपयांच्या तिकिटांतून बारा रुपयांपासून पुढची कोणतीही रक्कम जुळवता येते, हे घ्या. बारा, तेरा, चौदा, पंधरा हातानं करून घ्यायचे आणि पुढे प्रत्येक रकमेसाठी चार मागे जायचं. एकच पायाभूत पायरी का पुरत नाही, ते इथे दिसतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चुकीच्या सिद्धता. ‘सगळे घोडे एकाच रंगाचे’ ही जुनी सिद्धता तुम्हाला माहीत असेलच. कितीही घोड्यांचा कळप घ्या, पहिला घोडा बाजूला काढला की उरलेले एका रंगाचे, शेवटचा काढला की उरलेले एका रंगाचे, म्हणून सगळेच एका रंगाचे. वर्गातली हुशार मुलंसुद्धा ‘इंडक्शन हायपोथेसिस चुकीचं’ असं काहीतरी मोघम बोलतात. चूक फक्त एकावरून दोनवर जाताना आहे, कारण तिथे दोन गटांत एकही घोडा सामाईक राहत नाही. ज्या पुस्तकात ‘ही सिद्धता कुठे चुकली ते शोधा’ अशा जातीचे प्रश्न भरपूर आहेत, ते पुस्तक शिकवणाऱ्यानं लिहिलेलं असतं. एपमध्ये असे प्रश्न आहेत. रोझेनमध्येही आहेत, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं.

तिसरी जागा काउंटिंग. दहा वेगवेगळी पुस्तकं चार मुलांत वाटायची तर १०,४८,५७६ प्रकारे, कारण प्रत्येक पुस्तकाला चार पर्याय. दहा सारखे पेढे चार मुलांत वाटायचे तर अवघ्या २८६ प्रकारे. हे दोन प्रश्न समोरासमोर ठेवून फरक बोलून दाखवणारं पुस्तक हवं. रोझेन वेगवेगळ्या आणि सारख्या वस्तू, वेगवेगळे आणि सारखे डबे असा हा सगळा प्रकार नीट लावून दाखवतो. एप क्रम महत्त्वाचा की नाही, पुनरावृत्ती चालते की नाही, असा चार खणांचा तक्ता देतात. तो तक्ता कामाचा आहे, पण मुलं तेवढाच झेरॉक्स करून घेतील आणि बाकी धडा सोडून देतील, हे गृहीत धरा. तक्त्याच्या चार खणांत न बसणारा एखादा प्रश्न प्रत्येक गृहपाठात घाला.

मग रोझेन का नको? रोझेन वाईट नाहीच. १९८८ पासून चाललेलं, जगभर लावलेलं पुस्तक आहे ते. चार हजारांवर प्रश्न, विषम क्रमांकांची उत्तरं मागे, अवघड प्रश्नांपुढे एक तारा, फारच अवघड असेल तर दोन. पण ते सगळ्यांसाठी सगळं देऊ पाहतं. लॉजिकचे नियम, अनुमान, एकात एक क्वांटिफायर, सिद्धतेच्या पद्धती हे सगळं पहिल्याच प्रकरणात. शिकवायला कोणी असेल तर ठीक, उशिरा प्रवेश घेतलेल्या मुलाला एकट्यानं ते प्रकरण पार करणं जड जातं. जाडी बघून मुलं हसली, त्यांचं चूक नाही. हजार पानांतलं कुठलं आपल्यासाठी आणि कुठलं नाही, हे ज्याला आधीच कळतं त्याच्यासाठी ते पुस्तक उत्तम, म्हणजे तुमच्यासाठी. प्रश्न तिथून काढा. गेट (पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा) द्यायची इच्छा असलेली चार-पाच मुलं प्रत्येक वर्गात असतात, त्यांनाही रोझेनकडे पाठवा. गेटच्या अभ्यासक्रमात जनरेटिंग फंक्शन आणि लॅटिस आहेत, आणि या दोन्हींत एप तोकडं पडतं. रोझेनच्या भारतीय आवृत्तीवर आयआयटी मद्रासच्या कमला कृथिवासन यांचं नाव आहे. एनपीटीईएल या ऑनलाइन व्याख्यानांच्या संकेतस्थळावर त्यांची या विषयाची व्याख्यानं फुकट आहेत, ती मुलांना सांगून ठेवा.

लिऊबद्दल मला आदर आहे. सगळ्यांत आटोपशीर पुस्तक तेच. एकही वाक्य फुकट नाही, आणि नेमकी तीच अडचण. ज्याला विषय थोडा कळलाय त्याला लिऊ वाचताना आनंद होतो, ज्याला कळलेला नाही त्याला प्रत्येक वाक्यापाशी थांबावं लागतं. पहिली आवृत्ती १९७७ची, दुसरी १९८५ची. तेव्हा हा विषय घेणारी मुलं कमी असत आणि ती गणिताला सरावलेली असत. (जाता जाता मुलांना हेही सांगा की ऑपरेटिंग सिस्टिममध्ये रेट मोनोटॉनिक शेड्युलिंग शिकतील, त्या १९७३च्या लिऊ आणि लेलँड यांच्या पेपरातले लिऊ हेच.) तुम्हाला लिऊ लागणार तो ग्रुप, रिंग आणि ट्रान्सपोर्ट नेटवर्कसाठी. एपमध्ये ग्रुप नाहीतच. त्यामुळे सहावं युनिट तुम्हाला दुसरीकडून शिकवावंच लागेल. कोडिंगसाठी कोलमन, बस्बी आणि रॉस यांच्या पुस्तकात ‘ग्रुप आणि कोडिंग’ असं स्वतंत्र प्रकरण आहे, ते लिऊपेक्षा हळू चालतं. लायब्ररीत एखादी प्रत निघाली तर त्यातलं तेवढं प्रकरण आधी वाचा आणि आपल्या नोट्स काढा. ग्रिमाल्डीच्या शेवटाकडेही हा भाग आहे, पण त्यासाठी ते घेऊ नका.

ट्रेम्ब्ले आणि मनोहर यादीत असेल, बहुतेक याद्यांत असतं. १९७५चं पुस्तक, लॉजिक आणि बीजीय संरचना भक्कम, पण काउंटिंगला स्वतंत्र प्रकरणच नाही. तुमच्यासाठी बाद. कोणीतरी तुम्हाला ग्रॅहम, नूथ आणि पटाश्निक यांचं ‘काँक्रीट मॅथेमॅटिक्स’ही सुचवील. ते उन्हाळ्याच्या सुटीत स्वतःसाठी वाचा.

फुकटची पुस्तकंही चांगली आहेत, आणि तुमच्या मुलांच्या खिशातला फोन हेच त्यांचं खरं वाचनालय आहे. ऑस्कर लेव्हिन यांचं ‘डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स: ॲन ओपन इंट्रोडक्शन’ फोनवर वाचायला सोयीचं आहे आणि त्याचं इंग्रजी गप्पांसारखं सोपं. काउंटिंगचा भाग मला त्यातला आवडतो. रिचर्ड हॅमॅक यांचं ‘बुक ऑफ प्रूफ’ फक्त सिद्धता शिकवतं, पीडीएफ त्यांनी स्वतःच मोकळी ठेवली आहे. उशिरा आलेल्या डिप्लोमाच्या मुलांना त्यातली लॉजिकची आणि सरळ सिद्धतेची प्रकरणं प्रवेशाच्या दिवशीच पाठवून द्या. एमआयटीच्या लेहमन, लेटन आणि मायर यांच्या टिपणांचं पुस्तकही मोकळं आहे. ते सुंदर आहे, पण तुमच्या वर्गाला वेग झेपणार नाही.

इतकी पुस्तकं फुकट असताना मग छापील वीस प्रती का घ्यायच्या, असंही कोणी विचारील. व्याख्यांसाठी. एक उदाहरण देतो. नरसिंग देव यांच्या ग्राफ थिअरीच्या पुस्तकात ‘पाथ’ म्हणजे ज्यात कोणताही शिरोबिंदू दुसऱ्यांदा येत नाही असा मार्ग. रोझेनमध्ये ‘पाथ’मध्ये शिरोबिंदू कितीदाही आले तरी चालतात, आणि ‘सिंपल पाथ’ म्हणजे कड पुन्हा न येणारा मार्ग, शिरोबिंदू तिथेही पुन्हा येऊ शकतो. दोन्ही पुस्तकं आपापल्या जागी बरोबर. पण अर्ध्या वर्गानं एक वाचलं, अर्ध्यानं दुसरं, आणि गाइडनं दोन्हींची सरमिसळ केली, की ऑयलर आणि हॅमिल्टनच्या प्रश्नांत कोणाचं बरोबर हे ठरवता येत नाही. नैसर्गिक संख्या शून्यापासून की एकपासून, हा वादही असाच. म्हणून वर्गात जाहीर करा: व्याख्या या एका पुस्तकाच्या, प्रश्न कुठलेही. विद्यापीठाच्या पेपरात वेगळी व्याख्या धरली जाण्याची शक्यता असेल तिथे उत्तराच्या पहिल्या ओळीत आपली व्याख्या लिहायची सवय लावा.

इंग्रजीची भीती मला तुमच्याइतकी वाटत नाही. एपची वाक्यं लांब असतात, पण शब्द साधे आणि एकच गोष्ट सावकाश सांगितलेली. अडचण शब्दांची नसते, प्रत्येक शब्द वाचायची सवय नसते. तरी खात्री करून घ्या. डिप्लोमाची दोन-तीन मुलं बोलवा, क्वांटिफायरचा भाग एपमधून आणि रोझेनमधून झेरॉक्स करून द्या, तासभर वाचू द्या, आणि मग ‘प्रत्येकापेक्षा मोठा एखादा’ याचा नकार विचारा. मराठीत सांगू देत. त्यांना लेव्हिन जास्त कळलं, तर माझा सल्ला बाजूला ठेवा आणि वीस प्रतींचे पैसे दुसऱ्या कशाला वापरा.

राहिलं गाइड. गाइडवर पास होता येतं, हे नाकारून एचओडी सरांशी भांडायला जाल तर हराल. ग्राफ आणि ट्रीच्या युनिटांत तर ते पुरतंसुद्धा. प्रश्न कसे येतात, उत्तर किती लांब लिहायचं, हे त्यातून कळतं आणि ते कळायलाच हवं. तुम्ही सरांना एवढंच सांगा की गाइड बंद करणार नाही, फक्त तुमच्या हातात असलेल्या अंतर्गत परीक्षेत प्रत्येक वेळी एक प्रश्न ‘ही सिद्धता तपासा, चूक असेल तर ओळ दाखवा’ असा ठेवणार. त्याचं उत्तर कोणत्याच गाइडमध्ये छापून येत नाही. दोन परीक्षांनंतर मुलं आपणहून पुस्तक मागायला लागतात. त्यांना ज्ञानाची ओढ लागली असं नाही, त्यांना गुण हवे असतात. हरकत नाही.

जुनी आवृत्ती खुशाल घ्या. या विषयाचा गाभा गेल्या कित्येक वर्षांत बदललेला नाही. नव्या आवृत्त्यांत मुख्यतः प्रश्नांचे क्रमांक इकडेतिकडे होतात आणि काही उदाहरणं नवी येतात. म्हणून गृहपाठ देताना ‘अमुक धड्यातला सतरावा’ असं सांगू नका, प्रश्न पूर्ण लिहून द्या. परदेशी छापाची किंमत बघून दचकू नका, विक्रेत्याला भारतीय आवृत्तीच मागा. पुण्याला कोणी जाणार असेल तर अप्पा बळवंत चौकात सेकंड हँडची चौकशी करायला सांगा, तिथे सुट्या प्रती मिळतात. पण लायब्ररीच्या वीसच्या वीस एकाच आवृत्तीच्या हव्यात. ऑर्डरच्या कागदावर आवृत्तीचा क्रमांक आणि आयएसबीएन लिहून द्या, नाहीतर हाताला लागतील त्या मिसळून येतात आणि मग वर्गात पान क्रमांक सांगण्यातच तास जातो.